मराठीत आलीय ना, मग उघडाच

सरकारी सूचना मराठीत मिळण्याचं सुख काय असतं, ते पुण्या-मुंबईकडच्यांना नाही कळायचं. १५ टक्के लोकांची जी भाषा, तिच्यातही कागदपत्रं द्यावीत हा नियम दाखवता दाखवता आपल्या बेळगावकरांचे केस पिकले. आणि एका सकाळी मोबाईलवर चक्क मराठीत मेल! 'प्रिय ग्राहक, तुमची केवायसी संपली आहे. संध्याकाळी ६ च्या आत लिंक दाबा, अन्यथा खाते गोठवले जाईल.' आता विचार कसला करताय? आपल्या भाषेचा मान राखणाऱ्या या परोपकारी माणसाला ताटकळत ठेवणं सीमावासीयांना शोभत नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ता तर मुळीच बघू नका. २०१४ ला गावाच्या नावात एक 'वी' घुसली, ती आपल्याला अजून खुपते. खडे बाजारातल्या पाटीवर मराठी अक्षर कन्नडपेक्षा किती बारीक, हे आपण स्कूटर न थांबवता सांगतो. खरं मेलच्या पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेत, ते कोण बघणार? बँकांनी आपली संकेतस्थळं फक्त बँकांनाच मिळणाऱ्या 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. आपलं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या, कर्नाटक स्थापनेच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीकडे.

पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा, म्हणजे चोराला पुन्हा हेलपाटा नको. दुहेरी पडताळणी बंदच बरी.

ओटीपी कसा द्यावा, ते आमच्या शहापूरच्या काकांकडून शिका. चष्मा कपाळावर, फोन नाकाला टेकलेला, आणि फोनवरच्या 'साहेबां'ना एकेक आकडा दोनदा. मध्येच काकूला हाक, "अगं, साहेब मराठीतच बोलायलेत की!" शेवटचा आकडा सांगून होताच फोन कट. काकांना वाटलं, रेंज गेली.

पैसे गेल्यावर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावू नका. तासाभरात कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची भीती असते. आधी गल्लीच्या कट्ट्यावर दोन दिवस चर्चा करा.

काकांचं तेवढंही झालं नाही. खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा खरा मेसेज त्याच मिनिटाला आला होता, तो कन्नडमध्ये. काकांनी फसवा समजून पुसून टाकला.