‘बाई, आधी कायदा वाचा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

तुम्ही खाली नाव घातलेलं नाही, फक्त ‘एक निवृत्त मुख्याध्यापक’ एवढंच. म्हणून सर म्हणते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या चार्टर शाळांवरच्या, म्हणजे सनदेवर (चार्टरवर) सरकारी पैशाने चालणाऱ्या पण कारभार स्वतःच्या मंडळाकडे असलेल्या शाळांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “चार्टर शाळा म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित शाळाच. पैसा सरकारचा, सत्ता संस्थाचालकांची. त्यांना सार्वजनिक म्हणणं ही धूळफेक. बाई, आधी कायदा वाचा, मग लेख लिहा.” पुढे शिक्षक संघटना, विशेष गरजा असलेली मुलं, निवडून न आलेली मंडळं, आणि माझी मुलगी तिथे शिकत असणार म्हणून ही भलामण, असा शेवटचा टोला.

तुम्ही दाखवलेली एक चूक आधीच कबूल करते. मिनेसोटात 1991 साली कायदा झाला. सेंट पॉलमधली पहिली शाळा उघडली 1992 मध्ये. मी दोन्ही एकाच वर्षात कोंबलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘बाई’. ही हाक मी शाळेत असताना रोज मारली आहे, त्यामुळे तिच्यातली माया मला कळते. तुमच्या ‘बाई’पुढचा स्वल्पविराम मात्र वर्गाबाहेर उभं करणारा आहे. लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर ‘गृहस्थ, आधी कायदा वाचा’ असं लिहिलं असतंत का? मला नाही वाटत.

आणि कायदा वाचलाय हो. 1995 चा न्यू जर्सीचा कायदा, मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी, रात्री भांडी आवरल्यावर ओट्यापाशी उभं राहून वाचलाय. चार्टर शाळा ही सार्वजनिक शाळा, हे माझं मत नाही, त्या कायद्यातली व्याख्या आहे. सनद देतात राज्याचे शिक्षण आयुक्त, दुसरं कुणी नाही. पहिली सनद चार वर्षांची, नूतनीकरण पाच वर्षांचं. फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर म्हाडासारखी सोडत. विश्वस्त मंडळाच्या सभा लोकांसाठी उघड्या. मी स्वतः एका सभेला जाऊन बसले आहे : शाळेचंच जेवणघर, मुलांच्या उंचीची बाकं, बोलायला तीन मिनिटं. मी बसच्या वेळेबद्दल विचारलं, तर उत्तराआधी माझं नाव आणि गाव इतिवृत्तात लिहून घेतलं.

तुमचे ‘संस्थाचालक’ कुठे बसतात ते आता बघा. खाजगी संस्थेला तिथे एकटीने चार्टर शाळा काढता येत नाही, शिक्षक आणि पालक सोबत लागतात. मंडळात तिच्या माणसांचं बहुमत चालत नाही. नफा घेता येत नाही. आधीपासून चालू असलेल्या खाजगी शाळेला सनद मिळतच नाही. आणि शाळेच्या नावात त्या संस्थेचं नाव घालायला बंदी आहे. सर, हे शेवटचं पुन्हा वाचा. आपल्याकडे कमानीवर संस्थापकांच्या मातोश्रींचं नाव आणि व्हरांड्यात वडिलांचा अर्धपुतळा नसलेली किती शाळा दाखवाल?

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक होते. पगारबिलं घेऊन वेतन पथकाकडे खेटे घालणारे, कार्बन पेपरने बोटं कायम निळी. संस्थाचालकांच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा पत्रिकांवरचे पत्ते त्यांनी शाळेच्या वेळेत लिहिले, आणि तिकिटं चिकटवायला मला, पाचवीतल्या पोरीला, बसवलं. डिंकाची ती चव अजून आठवते. तेव्हा संस्थाचालक म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवू नका. ज्या घराने ते भोगलंय त्या घरातली मुलगी दोन्हींतला फरक ओळखते.

निवडून न आलेल्या मंडळांसाठी तुम्ही वॉशिंग्टन राज्याचा दाखला दिलाय. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं खरं, की मतदारांनी निवडलेलं मंडळ वर नाही म्हणून चार्टर शाळा तिथल्या घटनेतल्या ‘कॉमन स्कूल’, म्हणजे राखीव शाळा-निधीवर हक्क असलेल्या सर्वसाधारण सार्वजनिक शाळा, नव्हेत. पण प्रश्न त्या राज्याच्या घटनेचा होता. पुढच्याच वर्षी लॉटरीच्या उत्पन्नातून पैसे देणारा नवा कायदा आला आणि 2018 मध्ये त्याच न्यायालयात बहुतांशी टिकला. माझा लेख न्यू जर्सीवर होता, विषय संपला. ओक्लाहोमाचं नाव मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तिथे 2024 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅथलिक चार्टर शाळेचा करार रद्द केला, कारण चार्टर शाळा ही सरकारी शाळा, ती धार्मिक असू शकत नाही. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार झालं, म्हणून तोच निकाल कायम राहिला. ‘धूळफेक’ हा शब्द त्या न्यायमूर्तींना कळवा.

शिक्षक संघटना आणि विशेष गरजांची मुलं यांवर चार ओळींत बोलण्यासारखं नाही, तुम्हीही बोलायला नको होतंत. कधीतरी वेगळं लिहीन.

राहिला शेवटचा टोला. मुलगी तिथे नाही. सोडतीत प्रतीक्षा यादीत तिचा नंबर 63 लागला, आणि ती गेली तीन वर्षं आमच्या गल्लीच्या टोकाच्या साध्या शाळेत चालत जाते.