चिलीतल्या 33 खाणकामगारांचा तो मेसेज, आणि खरं काय झालं

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला. "2010 साली चिलीत 33 खाणकामगार 69 दिवस अन्नपाण्यावाचून जमिनीखाली जगले, फक्त श्रद्धेच्या जोरावर, मग नासाने त्यांना बाहेर काढलं आणि आज सगळे करोडपती आहेत." दोनदा सोडून दिलं, पण आता लिहितोच, कारण त्या माणसांनी जे केलं तेच या मेसेजमध्ये नाहीये.

पहिलं म्हणजे 69 दिवस उपाशी, हे साफ चूक. 5 ऑगस्टला कोपियापोजवळची सान होसे खाण ढासळली आणि खाली कोणी जिवंत आहे की नाही हे वरच्यांना 17 दिवस कळलंच नाही, उपासमारीचे दिवस ते. खाणीतल्या आसऱ्याच्या खोलीत जेमतेम दोन-तीन दिवसांचा साठा होता आणि तो 33 जणांनी कसा पुरवला बघा, दर 48 तासांनी माणशी दोन चमचे ट्यूना मासा, अर्धा कप दूध, अर्धं बिस्किट, आणि पाणी म्हणजे मशीनसाठी टाक्यांमध्ये ठेवलेलं घाण पाणी. पाळीचा मुकादम लुईस उर्सुआ आणि बाकीच्यांनी मिळून ही शिस्त पाळली. 22 ऑगस्टला ड्रिल त्यांच्यापर्यंत पोचलं, वर ओढून काढलं तर टोकाला लाल रंग फासलेला आणि सोबत बांधलेली चिठ्ठी, लाल अक्षरांत, "आम्ही 33 जण आसऱ्यात ठीक आहोत." तिथून पुढे त्याच बारीक भोकातून नळ्यांमध्ये भरून जेवण, औषधं, घरच्यांची पत्रं जायला लागली. 18 सप्टेंबरला चिलीच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी होती तेव्हा तर एम्पानाडा पण पोचले, आपल्या करंजीसारखे असतात, आत खिमा.

नासाचं म्हणाल तर त्यांची चार जणांची टीम सल्ला द्यायला आली होती, आहार, मानसिक आरोग्य, त्यांना वर आणायची कॅप्सूल (माणूस मावेल असा पिंजरा) कशी असावी यावर, आणि तो सल्ला उपयोगी पडला हे खरंच. पण कामाची सूत्रं होती कोडेल्को या चिलीच्या सरकारी तांबे कंपनीतल्या आंद्रे सुगारेत या इंजिनिअरकडे. माणूस मावेल एवढं मोठं भोक पाडायला तीन ठिकाणी तीन वेगवेगळी मशीनं (प्लॅन ए, बी, सी) एकाच वेळी लावली, त्यातलं प्लॅन बीचं अमेरिकन ड्रिल 9 ऑक्टोबरला आधी पोचलं, आणि फेनिक्स कॅप्सूल बनवली चिलीच्या नौदलाच्या गोदीत. 13 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर पहिला माणूस वर आला आणि त्याच दिवशी रात्री सगळ्यात शेवटी उर्सुआ.

करोडपती वगैरे काही नाही. सुरुवातीला बक्षिसं, परदेश दौरे झाले, पण नंतर कितीतरी जणांना झोप नाही, नोकरी नाही. 2018 मध्ये कोर्टाने सरकारला 31 जणांना प्रत्येकी 8 कोटी पेसो द्यायला सांगितले, आकडा मोठा वाटतो पण डॉलरमध्ये सव्वा लाखसुद्धा होत नाहीत, आणि तेही आठ वर्षांनी.

आता श्रद्धेचं. ते खाली रोज प्रार्थना करायचे, त्यांच्यातलाच होसे एन्रीकेस ती घ्यायचा, आणि तिने त्यांना धीर दिला हे ते स्वतःच सांगतात, त्याला मी कोण नाही म्हणणारा. पण "फक्त श्रद्धा" लिहिलं की एक गोष्ट गायब होते, ती म्हणजे शिडी. दरड कोसळल्यावर ते हवेच्या उभ्या बोगद्यातून वर चढायला गेले होते, नियमाप्रमाणे तिथे वरपर्यंत शिडी पाहिजे, पण ती मध्येच संपली. मग 7 ऑगस्टला आणखी दगड कोसळले आणि ती वाटही बंद झाली. हीच खाण अपघातात माणूस गेल्यामुळे आधी एकदा बंद केली होती, 2008 मध्ये परत चालू होऊ दिली. चिलीच्या संसदेच्या चौकशी समितीने मालक आणि सरकारी खाण तपासणी खातं, दोघांवर ठपका ठेवला, तरी 2013 मध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद केला, एकावरही आरोप नाही.

परत फॉरवर्ड करायचाच असेल तर त्यात शिडीचं एक वाक्य टाका.