सुप्याचा माळ उजाड नाही, त्याला झाडांची गरज नाही

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूरकडचे माळ उजाड पडलेत, प्रत्येकानं दहा झाडं लावली तर पाच वर्षांत जंगल उभं राहील, पाऊस वाढेल, वन्यजीव परत येतील. हेतू चांगला. मजकूर जवळजवळ सगळा चुकीचा.

'वन्यजीव परत येतील.' गेलेत कुठे? सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झालं ते चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. चिंकाऱ्याची सगळी भिस्त लांबवरचं दिसण्यावर आणि पळण्यावर. दाट झाडीत त्याचं काय काम? धाविक पक्षी तर उघड्या मुरमावरच अंडी घालतो. पखुर्डी, माळटिटवी, चंडोल हेही जमिनीवरच घरटी करणारे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्रीसुद्धा गवतातच बसतात. तिथं जेसीबी लावून खड्डे घेतले की नेमकी यांचीच जागा जाते, आणि झाड वाढलं की कावळ्यांना अंडी हेरायला आयतं मचाण मिळतं. वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला सफारी सुरू केली, ती काही ओसाड रान दाखवायला नव्हे.

'पाच वर्षांत जंगल.' हा पर्जन्यछायेचा पट्टा. बारामतीकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती, खाली मुरूम. पवन्या आणि कुसळी ही गवतं तिथं टिकतात, साग टिकत नाही. तग धरतं ते गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), आणि त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही, ते पुण्याच्या टेकड्यांवर दिसतंच आहे.

पाऊस वाढण्याबद्दल एवढंच: ढग सह्याद्री अडवतो, ते आपल्या दहा रोपांना विचारत नाहीत.

मेसेजच्या शेवटी एक ओळ असते, 'जंगल तुटल्यामुळे लांडगे मेंढरांवर येतात.' लांडगा मुळात माळाचाच रहिवासी. मेंढरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे कळपाबरोबर, फिरणारा धनगर हे जाणतो. गेलेलं मेंढरू लांडग्याचा वाटा समजणारे धनगर आजही भेटतात. लांडग्याला त्रास आहे तो प्लॉटिंगचा, खडी क्रशरचा आणि भटक्या कुत्र्यांचा. कुत्रे रोग देतातच, पण पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतूनही दिसलं आहे. मेसेजमध्ये कुत्र्यांचा उल्लेख नाही, एनए (बिगरशेती) प्लॉटचा तर नाहीच. तो बहुधा त्याच ग्रुपवर जाहिरात म्हणून वेगळा येतो.