पोरं स्लो नाहीत, पोरांना स्लो केलंय

काल आम्ही कॉलेजांच्या फुटबॉल झोनलची, म्हणजे विभागीय स्पर्धेची, सेमी हरलो. चार-एक. हरल्याचं वाईट वाटतंयच, पण डोकं फिरलं ते मॅच संपल्यावर. पोरं अजून शिनगार्ड काढत होती. राइट बॅकच्या, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूच्या, पोटरीत गोळा आला होता, तो आडवा पडलेला आणि एक जण त्याचा पंजा दाबून धरून बसलेला. पोटरी कातडीखाली उडताना लांबूनही दिसत होती. तेवढ्यात फिजिकल डायरेक्टर सर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही स्लो आहात. पळायचा दम नाही तुमच्यात. उद्यापासून दहा राउंड जास्त."

दहा राउंड जास्त! अहो, त्या राउंडनीच तर घात केलाय.

दुसरा गोल आठवा. कॉर्नर आपला होता. त्यांच्या कीपरनं बॉल हवेतच पकडला आणि तसाच डावीकडे फेकला. त्यांच्या विंगरनं एक टच घेतला आणि सुटला. आपला राइट बॅक त्याच्या बरोबरीनं उभा होता, मागं नव्हता. पहिल्या पाच-सहा पावलांत तो दोन हात मागं पडला, तिथंच गोल झाला. पुढं पाऊण ग्राउंड ते अंतर तेवढंच राहिलं. वाढलं नाही, कमीही झालं नाही. म्हणजे पोरगं थकलेलं नव्हतं, दमलेलं नव्हतं. त्याला सुटता येत नव्हतं. आणि हाच पोरगा सकाळच्या राउंडला रोज पहिला येतो! अख्ख्या टीमला मागं टाकतो. त्याच्यात दम नाही म्हणता?

सकाळी सहाला पोरं येतात आणि एकाच चालीत ग्राउंडला फेऱ्या मारत बसतात. त्यातून एकाच चालीत पळायची सवय लागते, दुसरं काय होणार? मॅचमध्ये खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो, पण त्यातलं बहुतेक चालणं आणि जॉगिंग. निकाल लागतो तो दहा-वीस मीटरच्या झेपांवर, दोन-तीन सेकंदांच्या. त्या झेपेची ताकद स्नायूत साठवलेली असते, काही सेकंदांत संपते आणि पुरती भरून यायला काही मिनिटं लागतात. म्हणून स्पीडचा सराव म्हणजे वीस मीटर जीव तोडून पळायचं, चालत परत यायचं, श्वास पूर्ण खाली बसू द्यायचा आणि मग पुन्हा पळायचं. दमलेल्या पायांनी मारलेला स्प्रिंट हा स्पीडचा सरावच नाही. आमच्याकडं पोरगं जरा उभं राहिलं की शिट्टी. "आराम करायला आलास काय रे?"

समोरच्या टीमचा वॉर्मअप कुणी बघितला का? मी बघितला, कारण आपला बघवत नव्हता. ते चार कोन, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू, लावून छोट्या झेपा घेत होते, दिशा बदलत होते, दोघं-दोघं खांद्याला खांदा देऊन उड्या मारत होते. फिफाचा ११ प्लस कार्यक्रम असाच आहे. वीस मिनिटं लागतात, साहित्य जवळजवळ काही लागत नाही, पैसा लागत नाही. दुखापती कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आपली पोरं तेव्हा रिंगण करून खाली बसलेली, पायाचे अंगठे धरून, सर सावकाश आकडे मोजतायत. तसा ताण बराच वेळ धरून ठेवला की लगेच नंतरच्या स्प्रिंटवर परिणाम होतो. म्हणजे शिट्टी व्हायच्या आधीच आपण आपल्या पोरांचे पाय जड करून मैदानात उतरवले.

आणि स्लो म्हणजे फक्त पाय स्लो असतात काय? २०१० साली स्पेननं वर्ल्डकप जिंकला तेव्हा मधल्या फळीत झावी आणि इनिएस्ता होते. दोघांनाही कुणी स्प्रिंटर म्हणत नाही. पण बॉल पायात यायच्या आधी त्यांची मान दोनदा फिरलेली असायची. आपले मधल्या फळीतले हाफ बॉल थांबवतात, खाली बघतात, मग मान वर करतात, तोवर दोन जण अंगावर आलेले असतात. काल असे किती बॉल गेले! यात पोरांचा दोष काय? "बॉल यायच्या आधी मागं बघ" हे एवढं एक वाक्य त्यांना आजवर कुणी सांगितलंय?

ग्राउंडबद्दल तर बोलायलाच नको. मधोमध क्रिकेटची विकेट, दगडासारखी. तिथून बॉल कुठं उडेल ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक जण दोन टच जादा घेतो. गॅदरिंगला मांडव घातला, त्याचे खड्डे अजून तसेच आहेत. पूर्ण वेगानं पळताना त्यात पाय गेला तर घोटा गेलाच, मग कोण कशाला जीव टाकून पळेल? एंट्रन्सची कमान मात्र दरवर्षी रंगवायची. जिमखाना फी प्रत्येकाकडून घेता, दाखवा की ती कुठं जाते. सरावाला धड बॉल नाहीत. कालच्या मॅचला पोरं पहाटे वडापच्या जीपनं गेली, पोटात चहा-बिस्किटं. साडेअकराच्या उन्हात किकऑफ झाला आणि हाफटाइमला खोक्यातून प्रत्येकी एक केळं मिळालं. पायात गोळे येणार नाहीत तर काय होईल!

वर परत कुणीतरी म्हणालंच, "खेळ रक्तात असावा लागतो." कोल्हापुरात उभं राहून हे बोलताय? जिथं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियम ओसंडतं, तिथं? अनिकेत जाधव याच शहरातला. पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. पोरगं इथलंच होतं, त्याला लहानपणी कुणीतरी नीट शिकवलं, एवढंच.

सगळ्यात जास्त चीड याची येते की आमची टीम तयारच होत नाही, ती गोळा केली जाते. झोनलची तारीख आली की नोटीस लागते, आठवड्यावर ट्रायल, उंची बघून निवड, आदल्या रात्री जर्सी. रविवारी पेठेच्या टीमकडून पूर्ण मॅच खेळून आलेलं पोरगं सोमवारी तुमच्या राउंडला लागतं. आठ दिवसांत स्पीड येत नाही हो सर. त्याला महिने लागतात, आठवड्यातून दोनदा, ताज्या पायांनी. कॅप्टन आता थर्ड इयरला आहे, त्याची झोनल कायमची संपली. फर्स्ट इयरची सहा पोरं आहेत, त्यातली दोन खरंच चांगली आहेत. त्यांना उद्या राउंडला पाठवू नका. आठवडाभर सुट्टी द्या, मग कोन आणा, विकेटच्या बाजूची पट्टी रोलरनं सपाट करून घ्या आणि पुढच्या झोनलची टीम आत्तापासून बांधायला घ्या. ते जमत नसेल तर निदान पोरांना स्लो म्हणू नका.