दाढेची तारीख

परवाच्या सोमवारी एका सरकारी दंतमहाविद्यालयाच्या बाकावर मी साडेचार तास बसलो आणि डावीकडची दुखरी दाढ जशी नेली होती तशीच घरी घेऊन आलो; फरक एवढाच, की आता तिच्याजवळ पुढची तारीख आहे. खासगी डॉक्टरांनी रूट कॅनाल आणि कॅप मिळून नऊ हजार सांगितले, तेव्हा दाढ जरा कमी दुखते आहे असे मला मनापासून वाटले होते, परंतु रात्री दोन वाजता तिने माझ्या आर्थिक परिस्थितीचा मुळीच विचार केला नाही.

केसपेपरची खिडकी, निदान विभाग, एक्स-रे आणि पुन्हा निदान विभाग अशी प्रदक्षिणा पूर्ण झाल्यावर मला ज्या बाकावर बसवण्यात आले, तेथे एक आजोबा आधीच मांडी घालून बसलेले होते. धोतर, टोपी आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्यासारखा जपलेला केसपेपर. त्यांनी सरकून जागा दिली आणि थेट विचारले, "काढायची, का वाचवायची?"

"वाचवायची," मी म्हणालो.

भावकीच्या बांधासाठी कोर्टात जाणाऱ्याकडे गावातले जाणते लोक जसे पाहतात, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मंग बसा निवांत. काढायची असती तर अकराच्या आत मोकळे झाला असता. हितं काढायला तारीख लागत न्हाई."

ते स्वतः दोन दात वाचवायला आले होते. तारखा पडत गेल्या, तसे त्या दोघांचे शेजारीही हलू लागले, आणि आता ते कवळीच्या पाचव्या खेपेला आले होते. पहिले माप, दुसरे माप, चाव्याचे माप आणि मग मेणात बसवलेल्या दातांची तपासणी हा सगळा क्रम त्यांनी मला बोळक्या तोंडाने, एकही पायरी न गाळता सांगितला. "मागल्या मंगळवारी मेणातले दात घालून बसवलं मला. डाक्टरीणबाई म्हणली, आजोबा, रंग आवडला का? म्हटलं, बाई, मटण तुटंल का ते सांग, रंगाचं काय घिऊन बसलीस!" एवढ्या खेपा परवडतात कशा, असे मी विचारले, तर त्यांनी वयाचा पुरावा म्हणून टोपी काढून दाखवली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे राज्याच्या दंतआरोग्याचा निम्मा भार परिवहन महामंडळ उचलते आहे आणि त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही.

इतक्यात पांढऱ्या कोटातली एक विद्यार्थिनी, कंडक्टरने सुटे मागावेत तशी, "समोरचा दात कुणाचा आहे का?" असे विचारत बाकावरून फिरू लागली. आजोबांनी मला कोपराने ढोसले. "ह्यांचं बघा, ताई, सकाळधरनं बसल्यात." मी घाईघाईने तोंड उघडले. तिने आत डोकावले आणि तिचा चेहरा पडला. "अरेरे, दाढ आहे." समोरच्या दाताला एकच मूळ असते, ते काम पदवीच्या मुलांचे, दाढेच्या तीन-चार नळ्या साफ करायच्या, तर ते पदव्युत्तर विभागाचे काम, आणि रांग तेथेच आहे. तिला अभ्यासक्रमात नेमून दिलेला समोरच्या दातांचा कोटा पुरा करायचा होता, तिचा दोष नाही. तरीही बावन्नाव्या वर्षी आपल्या तोंडात कोणाच्याही उपयोगाचे काही नाही हे भर बाकावर जाहीर व्हावे, याचे मला वाईट वाटले.

15 ऑगस्ट 2023पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. दंतमहाविद्यालये मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणून शुल्काची पावती फाडावी लागते. पावतीबद्दल माझी तक्रार नाही, पैसे थोडेच असतात. राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. गरीब माणसाचा दात त्याच दिवशी उपटून हातात देण्याची सोय आपण केली आहे, आणि तोच दात तोंडात ठेवायचा म्हटले की महिना उलटतो. मग घरी लेकरे आणि कामावर मुकादम असलेला माणूस काय निवडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शेवटी माझे नाव पुकारले गेले. आतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या महिन्याची सतरा तारीख दिली.

"तोपर्यंत फारच दुखली तर?"

"तर मधेच या," ते आपुलकीने म्हणाले, "काढून टाकू."

बाहेर आलो तेव्हा आजोबांनी माझ्या हातातला केसपेपर घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून तारीख वाचली. "सतरा? मलाबी सतराच दिली. सातला येतो मी, पयल्या गाडीनं. तुमची जागा धरून ठिवतो."

"याच बाकावर ना?" मी विचारले.

"पंख्याखाली," ते म्हणाले.