बदललेला सांधा ‘दहाच वर्षे’ टिकतो?

सांधेबदलाविषयी एक संदेश बराच काळ फोनाफोनी फिरतो आहे. बदललेला गुडघा किंवा खुबा दहा वर्षांत निकामी होतो. दुसऱ्या वेळी फक्त झिजलेला भाग काढून नवा बसवतात, त्यामुळे खर्च पहिल्याइतकाच येतो. महागडा सोनेरी सांधा घेतला तर तीस वर्षे चिंता नाही. आणि चालणे अगदी बंद होईपर्यंत शस्त्रक्रिया टाळावी, असा त्याचा आशय. यातील शेवटच्या सल्ल्यात काही जणांपुरते तथ्य आहे. पहिली तीन विधाने मात्र तपासताच कोसळतात.

ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेले दोन अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के, तर खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. किती वर्षे, याइतकेच कोणाच्या शरीरात, हेही महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१७ साली असे दिसले, की सत्तरीनंतर सांधा बदलणाऱ्याला उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या पहिल्या काही वर्षांत गुडघा बदलणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय सांधा केवळ झिजूनच निकामी होतो असे नाही. जंतुसंसर्ग, हाडातली पकड सुटणे, सांधा अस्थिर होणे, पडल्यामुळे त्याच्या आसपासचे हाड मोडणे ही कारणे पहिल्या दोन-तीन वर्षांतही उद्भवू शकतात.

‘फक्त झिजलेला भाग बदलतात’ हे क्वचितच, म्हणजे मधली प्लास्टिकची चकती तेवढी झिजली असेल तेव्हा, खरे ठरते. एरवी हाडाला घट्ट धरून बसलेला जुना सांधा व सिमेंट काढताना हाडाचाही काही भाग जातो, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी लांब दांड्याचा सांधा व धातूचे पूरक तुकडे वापरावे लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला ५४,७२० रुपये आणि पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याला १,१३,९५० रुपये अशी मर्यादा होती, कर वेगळा. म्हणजे नुसता सांधाच दुपटीहून महाग. त्यात लांबलेली शस्त्रक्रिया आणि वाढलेला मुक्काम यांचा खर्च धरलेला नाही. जंतुसंसर्ग असेल तर अनेकदा दोन टप्पे करावे लागतात: आधी सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा, काही आठवडे औषधे द्यायची आणि मग नवा सांधा. ज्याने हे भोगले आहे, त्याला ‘पहिल्याइतकाच खर्च’ ही थट्टा वाटेल.

परिणामही पहिल्यासारखे राहत नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधेनोंदीवरील २०२१ च्या अभ्यासानुसार, एकदा पुन्हा बदललेल्या गुडघ्यांपैकी दर पाचांतला एक १३ वर्षांत परत बदलावा लागला. दुसऱ्यांदा पुन्हा बदललेल्यांत हेच प्रमाण ५ वर्षांत, तर तिसऱ्यांदा बदललेल्यांत अवघ्या ३ वर्षांत गाठले गेले.

सोनेरी सांध्याबद्दल थोडक्यात. तो रंग टायटेनियमच्या संयुगाच्या लेपाचा असतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांसाठी तो सुचवला जातो. तो अधिक टिकतो, हे मात्र दीर्घकालीन नोंदींतून सिद्ध झालेले नाही. जाहिरातींतला तीस वर्षांचा आकडा प्रयोगशाळेतील यंत्रावर मोजलेल्या झिजेवरून येतो, आणि त्या यंत्राला ना जंतुसंसर्ग होतो ना ते न्हाणीघरात घसरून पडते. नवे ते टिकाऊ, या समजाची किंमत खुब्याच्या रुग्णांनी मोजलेली आहे: धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावा लागला, तोवर भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता.

राहिला थांबण्याचा सल्ला. पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्याने वजन, व्यायाम व औषधे यांच्या आधारे काही वर्षे काढणे शहाणपणाचे आहे, कारण पुनर्शस्त्रक्रियेची खरी टांगती तलवार त्याच्यावरच असते. पण सत्तरीच्या आजींनी तोच सल्ला मानला, तर मांडीचे स्नायू क्षीण होतात, गुडघा वाकडा व ताठर होतो आणि शस्त्रक्रियेनंतरची हालचालही त्या मानाने तोकडी राहते. दुसरी शस्त्रक्रिया त्यांना बहुधा लागणारच नव्हती. वाट पाहण्याने पहिलीचा लाभ तेवढा घटतो.