सव्वानऊची कळ

आमच्या घरात पैसे गुंतवायचे दोन पंथ आहेत. बायकोचा पंथ सरळ. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यातून ५,००० रुपये जातात आणि निफ्टीच्या, म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांत एकदम पैसे घालणाऱ्या, इंडेक्स फंडात पडतात. याला एसआयपी म्हणतात. पुढे त्यांचं काय होतं, हे ती बघत नाही. खानावळ लावल्यासारखं, आज वांगं का केलंत, असं कुणी विचारायचं नाही.

मला ते जमत नाही. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारा माणूस मी. पन्नास कंपन्या न हाताळता एकदम पिशवीत कशा घ्यायच्या?

शिवाय फंडात गप्पा नाहीत. लोकलमध्ये ‘माझी एसआयपी चालू आहे’ म्हटलं की समोरचा खिडकीबाहेर बघतो. ‘एक स्मॉलकॅप उचललाय’ (म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर) म्हटलं की तिघे कान देतात आणि चौथा जरा सरकून चौथी सीट देतो. डोंबिवलीपासून उभ्याने जाणाऱ्यालाच या परताव्याची किंमत कळेल.

तर असाच एक स्मॉलकॅप मी उचलला, २०,००० रुपयांचा. मेहुणा म्हणाला होता, ‘भावोजी, कर्ज बघा, पी/ई बघा, म्हणजे नफ्याच्या किती पट भाव आहे ते, प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का ते बघा.’ मी वार्षिक अहवाल उतरवून घेतला. दोनशे चाळीस पानं. त्यातलं अध्यक्षांचं फोटोचं पान नीट वाचलं. चेहरा सज्जन वाटला.

दोन महिन्यांनी तिमाही निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बाजार उघडताच शेअर लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात जेवढा पडू देतात तेवढा पडून थांबलेला. मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात, एका हातात मोबाइल, दुसऱ्याने कडी धरलेली (ती लागत नाही). स्क्रीनवर विकणारे हजारोंनी, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. त्या दिवशी पाच टक्के, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. २०,००० चे १७,१४७ झाले, तेही कागदावर.

‘अहो, मग विकून टाका ना.’

‘घेणारा पाहिजे ना!’

‘रद्दीवाला रविवारी येतो. विचारू का?’

नुकसानाचं एक बरं असतं, ते गप्प बसतं. फायदा जास्त छळतो. दुसऱ्या एका शेअरमध्ये मला सहा महिन्यांत ६४० रुपये सुटले. वर्षाच्या आत विकला म्हणून २० टक्के कर, म्हणजे १२८ रुपये, वर सेस. एवढ्यावर भागलं असतं. पण असा अल्पकालीन नफा झाला की प्राप्तिकर विवरणपत्राचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. सीएने त्याचे १,५०० जास्त सांगितले. हा हिशेब मी बायकोला अजून दाखवलेला नाही.

शेवटी शरण गेलो, फंडच घ्यायचा ठरवला. ॲप उघडलं तर तिथे दुसरी मंडई! डायरेक्ट (मध्यस्थाविना) की रेग्युलर (मध्यस्थामार्फत), ग्रोथ (नफा फंडातच राहणारा) की आयडीसीडब्ल्यू (नफा अधूनमधून वाटणारा), फ्लेक्सीकॅप की मल्टीकॅप. मल्टीकॅपवाल्याला लार्ज, मिड आणि स्मॉल, म्हणजे मोठ्या, मधल्या आणि छोट्या कंपन्या, तिन्हींत किमान २५-२५ टक्के ठेवावेच लागतात. फ्लेक्सीकॅपवाला मनाला येईल तसं वाढतो. एक राइस प्लेट, दुसरा मावशीकडचा डबा. मी दोन आठवडे एक्सेलमध्ये तक्ते केले. मुलीच्या बारावीनंतर कॉलेज निवडतानाही एवढे रकाने आखले नव्हते.

‘झालं का स्थळ पसंत?’ बायकोने एकदा विचारलं.

धोका विभागावा म्हणून मी चार फंड घेतले. मग हौसेने चौघांची होल्डिंग्ज, म्हणजे त्यांनी कुठले शेअर घेतलेत ती यादी, उघडली. वरच्या दहांत त्याच तीन-चार बँका, तीच तेलाची मोठी कंपनी, त्याच आयटी कंपन्या. चार हॉटेलांत जाऊन चारही ठिकाणी पनीर मागवल्यासारखं झालं. आणि ही सगळी मंडळी बायकोच्या त्या एका फंडात आधीच बसलेली होती.

मात्र सकाळचा त्रास गेला. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच येते, तीही रात्री. त्यामुळे सव्वानऊला मी आता शांतपणे चहा पितो, फायली बघतो.

झोपायला तेवढे साडेअकरा होतात.